बसवनगुडीचा वाढता नंदी

गूढ, ऐतिहासिक, अद्भुत कथांचं वेड असणाऱ्यांनो, बंगळुरातल्या बसवनगुडीची ही लोककथा ऐकाच! रात्री कुणीतरी भुईमुगाचं उभं पीक फस्त करायचं. संतापलेल्या शेतकऱ्याने त्या चोर बैलाला सोटा हाणला आणि बैल जागीच दगड झाला. पण तो दगड वाढतच राहिला! शेवटी कपाळावर त्रिशूळ ठोकला तेव्हा थांबला, म्हणतात. तोच इथला नंदी! आजही कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे ‘कडलेकाई परिशे’ ही शेंगांची जत्रा भरते. वृषभावती नदी याच नंदीच्या पायाशी उगम पावते, अशी श्रद्धा आहे.

आता यात १६३८नंतरचं शहाजीराजांचं बंगळूर आणि आपल्या पाणवठ्यांवरच्या साती आसरा या जलदेवता आणा. मराठी कादंबरीला याहून जबरदस्त पार्श्वभूमी कुठली? लेखकांनो, घ्याच मनावर!