घोडा आणि ट्रेलर : जोडणी, तपासणी व वाहतूक

ज्या अनुयानाला, म्हणजे ट्रेलरला, पुढची चाके नसतात आणि ज्याच्या पुढच्या भागाचा भार ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवर टेकलेला असतो, त्याला अर्धानुयान किंवा सेमीट्रेलर म्हणतात. पुढे-मागे दोन्हीकडे चाके असलेली उसाची ट्रॉली हे पूर्ण अनुयान होय. ते नुसते ओढले जाते. अर्धानुयान ओढलेही जाते आणि वाहिलेही जाते. मालानुसार त्याचे सपाट, टाकीचे, अवजड यंत्रांसाठी बुटके आणि कंटेनरसाठी केवळ सांगाड्याचे असे प्रकार पडतात. ओढणाऱ्या कर्षकाला आपल्याकडचे चालक ‘घोडा’ म्हणतात.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात लोहारकाम करणाऱ्या ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी 1914 मध्ये फ्रेडरिक सिब्ली या लाकूड व्यापाऱ्याची होडी फोर्ड गाडीमागून नेता यावी म्हणून असे अर्धानुयान घडवले. पुढे माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल-एक्स’ या जहाजाने 26 एप्रिल 1956 रोजी नेवार्कहून ह्यूस्टनकडे 58 कंटेनर नेले. तेव्हापासून पेटी जहाजावरून थेट ट्रेलरवर उतरवण्याची पद्धत रुजत गेली. 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराबाहेर दिसणाऱ्या ट्रेलरांच्या रांगा ही त्याच पद्धतीची देणगी आहे.

या सर्व रचनेचा जीव ट्रेलरच्या पोटाखालच्या एका पोलादी खुंट्यात आहे. त्याला किंगपिन म्हणतात. सर्वसाधारण किंगपिनचा व्यास जेमतेम 50 मिलिमीटर असतो. घोड्याच्या पाठीवर वंगण लावलेली जाड तबकडी असते. ती ‘फिफ्थ व्हील’. तिच्या खाचेत खुंटा शिरला की जबडा मिटतो. भारताच्या 2018 च्या सुधारित मर्यादेप्रमाणे अशा जोडवाहनाचे एकूण वजन 55 टनांपर्यंत जाऊ शकते, आणि त्यातल्या ट्रेलरची सारी ओढ या खुंट्यावर येते. शिवाय तो चालकाला केबिनमधून दिसत नाही. म्हणूनच तपासणी खाली उतरून, वाकून, डोळ्यांनी करायची असते.

जोडणीपूर्वी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत. काही ट्रेलरांत हवेचा दाब गेला की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते; पण जिथे ती सोय नसते, तिथे टाकीतली हवा हळूहळू गळून उभ्या ट्रेलरचा ब्रेक सुटू शकतो. त्यानंतर उंची पाहावी. घोडा मागे घेताना तबकडीने ट्रेलरला किंचित उचलले पाहिजे. ट्रेलर फार उंच राहिला तर खुंटा जबड्यात पुरता न शिरता वरच्यावर अडकतो. ‘खट्’ असा आवाज येतो, चालक निर्धास्त होतो आणि पहिल्याच खड्ड्यात ट्रेलर सुटतो. आवाज हा पुरावा नव्हे, हे प्रत्येक नवशिक्याला आग्रहाने शिकवले पाहिजे. विजेरी घेऊन पाहावे : तबकडी आणि ट्रेलर यांच्यात फट नसावी, जबडा खुंट्याच्या मानेभोवती मिटलेला असावा, कुलपाचा दांडा जागेवर बसलेला असावा. मग ट्रेलरचा ब्रेक लावून घोडा पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून पाहावा. एवढे झाल्यावरच ट्रेलरचे पुढचे पाय पूर्ण वर घ्यावेत.

हवेच्या दोन नळ्या असतात. एक टाकीला हवा पुरवते, दुसरी ब्रेकचा आदेश पोहोचवते. सांध्यातील रबरी कडी झिजली असेल तर इंजिन बंद केल्यावर गळतीची शीळ ऐकू येते. पावसाळ्यात टाकीत साचलेले पाणी काढावे. चाकाच्या नटापासून गंजाचा ओघळ उतरलेला दिसला, तर नट सैल झाल्याची शंका घ्यावी. जोडटायरांच्या मध्ये दगड अडकलेला नाही ना, तेही पाहावे. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांतील फिरत्या कड्या, म्हणजे ट्विस्टलॉक, पूर्ण वळलेल्या असाव्यात. एक कडी उघडी राहिली तरी वळणावर पेटी एका बाजूने उचलली जाऊ शकते.

पेटी मोहोरबंद असल्याने आतला माल कसा रचला आहे, हे चालकाला कळत नाही. 1 जुलै 2016 पासून निर्यातीच्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाजावर चढवण्यापूर्वी कळवणे बंधनकारक आहे. मात्र वजनाचा आकडा भार कोणत्या बाजूला आहे ते सांगत नाही. त्यामुळे वळणाच्या आधी वेग उतरवणे हाच उपाय. ट्रेलरची मागची चाके वळणाच्या आतून जातात, तेव्हा डावे वळण घेताना डावीकडच्या दुचाकीस्वारावर नजर हवी. चाकण-पुण्याकडून भरलेला ट्रेलर बोरघाट उतरताना उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक वापरावा. ब्रेक सतत दाबल्यास ड्रम तापून पकड जाते. घोड्याची मागची चाके जखडली, तर ट्रेलर त्याला ढकलत आडवा फिरवतो.

सोडवणीचा क्रम जोडणीच्या उलट असतो : ठोकळे लावावेत, पाय टेकवावेत, नळ्या व वायर काढाव्यात, दांडा ओढावा आणि घोडा सावकाश पुढे घ्यावा. उरणच्या पावसाळी चिखलात पायांखाली जाड फळ्या घालाव्यात. पाय रुतले तर ट्रेलरची उंची उतरते आणि पुढच्या खेपेला तबकडी त्याखाली शिरत नाही.