गॅसवर चालणारा जनरेटर

तोरणमाळ सातपुड्यात उंचावर आहे. समुद्रापासून सुमारे ११५० मीटर. पावसाळ्यात वारा सुटला, झाड तारांवर पडलं, की वीज गेलीच. डोंगरातली लाईन शोधून नीट करायला वेळ लागतो. म्हणून दुकानदार आणि पाहुण्यांना खोल्या देणारे लोक लहान जनरेटर घेतात. पूर्वी पेट्रोलचाच मिळे. आता गॅसवर चालणाराही मिळतो. पेट्रोल बरेच महिने पडून राहिलं तर खराब होतं, कार्बोरेटरात चिकटतं. गॅस तसा खराब होत नाही.

सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू मिसळलेले असतात. घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर या कामाला लावू नका. तो स्वयंपाकासाठीच आहे, कायदाच तसा आहे. १९ किलोचा धंद्याचा सिलिंडर घ्या. तो उभाच ठेवा. आडवा केला तर पातळ गॅस नळीत शिरतो. थंडीच्या पहाटे गॅस कमी येतो. तेव्हा काही जण सिलिंडर शेकोटीजवळ नेतात. असं मुळीच करू नये! ऊन चढेपर्यंत थांबावं.

आता ताकदीचा हिशेब. उंचावर हवा विरळ असते. दर ३०० मीटरमागे इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. म्हणजे २००० वॅटचा जनरेटर इथे १७०० वॅटचाच धरा. पाटीवरचा आकडा पेट्रोलचा असेल, तर गॅसवर त्याहूनही कमी मिळेल. दिवा ९ वॅट घेतो, पंखा सुमारे ७५. फ्रिज चालताना थोडी वीज घेतो, पण सुरू होताना कितीतरी पट ओढतो. म्हणून आधी फ्रिज लावा, मग दिवे.

जनरेटर ठेवायचा कुठे? पाऊस असतो, चोरीची भीती असते, म्हणून लोक तो पडवीत किंवा घरातच ठेवतात. इथेच जीव जातो. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, झोप लागते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. गॅसचा धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक आहे, ही समजूत चुकीची आहे. जनरेटर घरापासून २० फूट दूर, उघड्यावर, वर पत्रा टाकून ठेवा. धुराचं तोंड घराकडे नको. कुणाला चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

दुसरं भय तारेचं. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून काही जण जनरेटरची वीज घरातल्या बोर्डात सोडतात. ही वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट करतो. खांबावर चढलेल्या लाईनमनला वाटतं, लाईन बंद आहे. तो तुमच्याच दिव्यासाठी वर चढलेला असतो! म्हणून परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याने एका वेळी एकच वीज घरात येते. अर्थिंगही त्याच्याकडूनच करून घ्या.

देखभाल फार नाही, पण नेमाने हवी. नळी आणि रेग्युलेटर जोडल्यावर साबणाचं पाणी लावून पाहा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. काडी ओढून कधी पाहू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचून राहतो. ऑईल दर वेळी, यंत्र सपाट जागी ठेवून, पाहा. नव्या यंत्राचं ऑईल पहिल्या २० तासांनी बदला, पुढे साधारण दर १०० तासांनी. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. उन्हाळ्यात इथे धूळ फार, तेव्हा हवेची जाळी लवकर साफ करा. वीज गेली नाही तरी महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं दिवे-पंखे लावून चालवा. बंद करताना आधी भार काढा, मग इंजिन, आणि शेवटी सिलिंडरचा कॉक.