पस्तीस सांगितलं, त्रेपन्न लिहिलं
(लेखमाला : आकड्यांची पहिली ओळख, भाग सहावा)

मागच्या आठवड्यात आपण दहापर्यंत मोजणाऱ्या मुलापाशी थांबलो होतो. एकेका शेंगेवर बोट ठेवायचं, एकही सोडायची नाही, एकीला दोनदा मोजायचं नाही आणि शेवटी जो आकडा तोंडात आला तेवढ्या एकूण शेंगा. एवढं जमलं की घरच्यांना वाटतं, आता शंभरापर्यंत नुसतं पाठांतर उरलं. तसं होत नाही.

दुसरीच्या वर्गात बाई आकडे सांगतात, मुलं लिहितात. ‘पस्तीस’ म्हटल्यावर चार-सहा वह्यांत हमखास ५३ उमटतं. संध्याकाळी लाल फुली बघून वडील खेकसतात, ‘‘लक्ष कुठं ऱ्हातंय बे तुझं?’’ लक्ष नेमकं तिथंच असतं. पस्तीस म्हणताना पाच आधी कानावर पडतो आणि तीस नंतर. ऐकलं त्याच क्रमानं पोरानं लिहिलं. शब्दाचे दोन तुकडे पडतात, हे त्याला आपणहून उमगलेलं आहे आणि ते काही थोडंथोडकं नव्हे.

काही मुलं यावर स्वतःच तोड काढतात. डावीकडे जागा सोडून आधी ५ लिहायचा, मग मागे येऊन ३ बसवायचा. वहीत उत्तर बरोबर दिसतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. तोच आकडा मोबाइलवर दाबायला सांगितला की बिंग फुटतं, कारण तिथे मागे जागा सोडण्याची सोय नाही. ‘एक ते शंभर लिहून आण’ या गृहपाठातही अशीच एक युक्ती दिसते. मूल उभ्या रांगेत खालपर्यंत ३ काढत जातं, मग शेजारी ० ते ९ उतरवतं. पान सुरेख भरतं, पण त्यातला एकही आकडा पस्तीस किंवा छत्तीस म्हणून लिहिलेला नसतो. माझं विचाराल तर हा गृहपाठ बंदच करावा. त्यानं अक्षर सुधारत असेल, संख्या कळत नाही.

बरं, उलटा क्रम एवढीच अडचण असती तर थोड्या सरावानं निभावलं असतं. एकतीस, बत्तीस, तेहतीस यांत तीस निदान ऐकू येतो. बाहत्तरमधला सत्तर ओळखायला मोठ्यांनाही थबकावं लागतं. बावन्न, त्रेपन्न यांतला पन्नास तर शोधून काढायचा. एकोणसाठ म्हणताना कानाला साठ ऐकू येतो आणि हाताला लिहायचा असतो ५. म्हणून ५९ ऐवजी ६९ लिहिणारं मूल वर्गात असतंच.

इथवरची गोष्ट पुण्याची किंवा नागपूरचीही असू शकते. सोलापुरात तिला आणखी एक पदर आहे. जुळे सोलापूर विजापूर रोडच्या अंगानं वाढलं. आसरा चौकापासून सैफुलपर्यंतच्या सोसायट्यांत एकाच जिन्यावर मराठी, कानडी आणि तेलुगु घरं सापडतात. मुलं शाळेत जातात मराठी नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या. आता ३५ हा आकडा दारोदार ऐकत चला. मराठी घरात पस्तीस, पाच आधी. कानडी घरात ‘मूवत्तैदु’, म्हणजे मूवत्तु तीस आणि ऐदु पाच. तेलुगु घरात ‘मुप्पै ऐदु’, तिथेही तीस आधी. इंग्रजीत थर्टी फाइव्ह. उर्दूत मात्र पैंतीस, मराठीसारखंच पाचापासून. कानडी, तेलुगु, इंग्रजी या तिन्ही भाषांत ऐकलेला क्रम आणि वहीतला क्रम एकच आहे. मराठी-उर्दूत तो उलटा पडतो.

याचा अर्थ जरा पुढे न्या. मराठी माध्यमाच्या वर्गात कानडी घरातली मुलगी ‘भाषेत कच्ची’ म्हणून मागच्या बाकावर जाते. दशक-एककाच्या बाबतीत मात्र घरी अज्जीच्या तोंडून ऐकलेल्या मोजणीचा तिला आधार आहे, आणि तो कुणी तिच्याकडे मागतच नाही. फळ्यावर ३५ लिहून ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ एवढं विचारायला पाच मिनिटं पुरतात. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ६८ घ्यावा. त्यांच्या अडुसष्ट लिंगांमुळे हा आकडा सोलापूरच्या पोरांच्या कानात बसलेला असतो, पण अडुसष्टमध्ये साठ आणि आठ आहेत हे बहुतेकांना कधी जाणवलेलं नसतं. कानडी मैत्रीण ‘अरवत्तेंटु’ म्हणाली, अरवत्तु म्हणजे साठ आणि एंटु म्हणजे आठ हे तिनं फोडून सांगितलं, की मराठी मुलांनाही आपल्या शब्दातली फट दिसते.

हा विषय निघाला की २०१९ आठवतं. त्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’, त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन दिलेलं होतं. महाराष्ट्र पेटला. मराठी बुडाली इथपासून ते विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोट्या करण्यापर्यंत सगळं झालं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांसाठी ही दुसरी वाट आहे. दक्षिणेतल्या भाषांचा दाखलाही त्यांनी दिला होता. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या वादात पुस्तक उघडून पाहिलेले लोक किती होते, याची मला शंकाच आहे. सोलापुरात तर ‘वीस सात’ला हसायचं कारणच नव्हतं, शेजारच्या दारात रोज तसंच मोजतात.

आपण एकटेच या पेचात नाही. जर्मन माणूसही पस्तीसला ‘पाच आणि तीस’ म्हणतो. बोखुमचे गणितज्ञ लोथार गेरित्सेन यांनी २००४ मध्ये त्याविरुद्ध संघटनाच काढली. नॉर्वेनं तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयानं क्रम बदलला आणि दशक आधी आणलं. टेलिफोनचे आकडे सांगताना-ऐकताना होणाऱ्या चुका हे त्यामागचं एक मोठं कारण. गंमत म्हणजे तिथली कितीतरी माणसं आजही बोलताना जुनीच पद्धत वापरतात. सरकारी आदेशानं तोंडातले आकडे पटकन बदलत नाहीत, आणि पस्तीस-छत्तीसही म्हणूनच कुठे जाणार नाहीत. ते मुलाला आलेच पाहिजेत. दुकानदार, कंडक्टर आणि आजोबा त्याच भाषेत बोलणार आहेत. इंग्रजी माध्यमातल्या नातवाला ‘पंचेचाळीस रुपये दे’ म्हटल्यावर तो ‘म्हणजे किती?’ विचारतो, तेव्हा आजोबांना वाईट वाटतं ते काही उगाच नाही. तसं इंग्रजीही अगदी सरळ नाही. थर्टीन आणि थर्टी यांचा गोंधळ घालणारी मुलं जुळे सोलापुरात घरोघरी आहेत.

मग करायचं काय? शब्द आणि आकडा यांच्यामध्ये वस्तू आणायची. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. ‘पस्तीस दे’ म्हटल्यावर मुलानं तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या उचलल्या पाहिजेत. गठ्ठे डाव्या हाताला, सुट्या उजव्या. मग तसंच लिहायचं. सुरुवातीला पस्तीसच्या आधी किंवा नंतर ‘तीस आणि पाच’ म्हणायला काही हरकत नाही. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी नंतर आणा. नोट उघडून आत दहा रुपये मोजून दाखवता येत नाहीत, गठ्ठा सोडून दाखवता येतो.

दुसरी वस्तू गणितमाळ. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’नं रुळवलेली ही शंभर मण्यांची माळ जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत दिसते. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, पुन्हा पहिल्या. घरी जाड दोऱ्यात ओवायला एक दुपार पुरते. या माळेवर मला सगळ्यात आवडतात ते एकोणवाले आकडे. वहीत मुलाला रडवणारा एकोणचाळीस इथे हसत सापडतो. चाळिसाव्या मण्यावर बोट ठेवायचं आणि एक पाऊल मागे यायचं. एकेक मोजत जायची गरजच नाही. शब्दच पत्ता सांगतो. कानडीतल्या ‘मूवत्तोंबत्तु’त, म्हणजे ‘तीस नऊ’त, ही सोय नाही. तेव्हा मराठीकडेही द्यायला काही आहे.

या आठवड्यात एवढंच करा. माळेला कपड्याचा चिमटा लावा आणि न मोजता विचारा, ‘हा कितवा मणी असेल?’ उत्तर चुकलं तरी ‘कोणत्या दशकाजवळ आहे?’ हे विचाराच. मुलानं विचारलं तर तुम्हीही अंदाज सांगा आणि मग दोघांनी मिळून मोजा.

पुढच्या भागात बाजारात जाऊ. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकाचा हिशेब चोख करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितांपुढे अडखळली. तोवर पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हे शब्द तुमच्या घरात दिवसातून किती वेळा येतात, त्यावर कान ठेवा.