इंधन-इंजेक्शनची स्कूटर

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण-मानके लागू झाली आणि स्वस्तातल्या ११० सीसी स्कूटरमधूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला. कार्ब्युरेटरमध्ये आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या झोतामुळेच पेट्रोल खेचले जाई. इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोलला दाब देतो आणि इंजेक्टर त्याचा बारीक फवारा सोडतो. फवारा किती वेळ चालू ठेवायचा, हे ईसीयू हा छोटा संगणक ठरवतो. हवेचा दाब, इंजिनाचे तापमान, थ्रॉटलची स्थिती आणि धुरातला ऑक्सिजन यांची खबर त्याला सेन्सर देतात. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण सांभाळले की धूर कमी होतो. ईसीयू मिश्रण स्वतःच जुळवत असल्याने थंडीत चोक ओढावा लागत नाही, घाट चढल्यावर विरळ हवेतही मिश्रण बिघडत नाही.

मालकाने खरी काळजी घ्यायची ती बॅटरीची. ती पार उतरली तर पंपाला वीज मिळत नाही आणि कितीही किका मारल्या तरी गाडी बहुधा सुरू होत नाही. टाकी तळाला जाईपर्यंत गाडी चालवण्याची सवय मोडावी, कारण पंप पेट्रोलनेच थंड राहतो. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर लागणे ठीक. चालत्या गाडीत तो पेटून राहिला तर दोष नोंदला गेला आहे. तो वाचायला स्कॅनर लागतो, त्यामुळे स्क्रू फिरवून मायलेज वाढवणारा कोपऱ्यावरचा मेकॅनिक इथे पुरा पडत नाही. एअर फिल्टर आणि ऑइल मात्र पूर्वीसारखेच वेळेवर बदलावे लागते.