सोनपेठची सोपी सायकलवाट: खडक्याच्या बंधाऱ्यापर्यंत

परभणी जिल्ह्यात घनदाट जंगल फारसं नाही, पण नदीकाठ भरपूर आहे! सोनपेठ तालुक्याला गोदावरी लाभलीय. इकडे सगळे तिला गंगाच म्हणतात. प्रदेश सपाट, त्यामुळे गिअर नसलेली सायकलही चालते.

🚲 वाट: सोनपेठहून खडका. इथल्या बंधाऱ्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. दमदार मंडळींनी पुढे पाथरी तालुक्यातलं मुदगल गाठावं. तिथलं मुद्गलेश्वराचं मंदिर थेट नदीपात्रात आहे आणि मोठ्या पुरात पाण्याखाली जातं.

🗓️ कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडताच. पावसाळ्यात गाडरस्ते टाळा. काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरतच नाही.

⚠️ सांभाळा: बाभळीचे काटे टायरमध्ये हमखास घुसतात, म्हणून पंक्चरचं सामान आणि पंप घ्याच. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना आधी वाट द्या. बंधाऱ्याजवळ पाण्यात उतरू नका. दरवाजे उघडले की पातळी झपाट्याने वाढते.

पाणी, गूळ-शेंगदाणे सोबत ठेवा, प्लास्टिक परत आणा. या रविवारी घरच्या पोरांनाही घेऊन निघा!