हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्या, मग पायाची सूज का उतरत नाही?

नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाची मोहीम आली की आशाताई दारात येतात, वय विचारतात, उंची बघतात आणि गोळ्या समोरच खायला लावतात. 2019 पासून इथे दोनऐवजी तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं: डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. देशात सर्वात आधी ज्या मोजक्या जिल्ह्यांत हे सुरू झालं, त्यात नागपूर होतं.

पण ज्याचा पाय आधीच सुजलाय, त्याने गोळ्या घेतल्या तरी पाय तसाच राहतो. मग "गोळ्यांचा काही उपयोग नाही" असं घरोघरी बोललं जातं. खरं तर या गोळ्या रक्तातले हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू मारतात, म्हणजे डासामार्फत शेजाऱ्याला लागण होत नाही. आलेली सूज उतरवणं हे त्यांचं कामच नाही. त्यासाठी वेगळा उपाय लागतो आणि तो दिसायला अगदीच साधा आहे: पायावर बाहेरून दाब.

सूज येते कशी?

शरीरात रक्तवाहिन्यांसोबत लसिकावाहिन्यांचंही जाळं असतं. पेशींच्या आजूबाजूला साचणारं पाणी आणि प्रथिनं उचलून परत रक्तात नेणं हे तिचं काम. हत्तीरोगाचे मोठे जंत याच वाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि त्या निकामी करतात. पाणी साचतं, कातडी जाड होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज सहसा जात नाही, कारण प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात.

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो, तेही असंच. तिथे जंत नसतो, रस्ता मात्र बंदच झालेला असतो.

दाब काय करतो?

चालताना पोटरीचा स्नायू फुगतो आणि आकसतो. बाहेरून घट्ट पट्टी असेल तर फुगणाऱ्या स्नायूला भिंत मिळते आणि साचलेलं पाणी वर ढकललं जातं. म्हणून यात कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या वापरतात. दुकानातलं नेहमीचं क्रेप बँडेज खूप ताणलं जातं आणि थोड्या वेळात सैल पडतं. पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्याकडे बांधायची, घोट्याशी दाब सर्वात जास्त आणि वर कमी होत जाणारा. उलटं झालं तर पाऊलच फुगतं. पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

सूज बरीच उतरली की मोजे. त्यांचा दाब बीपी मोजतात त्याच एककात लिहिलेला असतो, 20 ते 30 किंवा 30 ते 40. माप टेपने घेऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या दाबाचेच घ्यायचे. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी चढवायचे, कारण तेव्हा सूज सर्वात कमी असते. दाब कमी झाला की काही महिन्यांनी बदलावे लागतात, हा खर्च आधीच धरून चाला.

आणि हो, मे महिन्यात 45 अंशाला हे घालायचं? नागपूरकराचा हा प्रश्न रास्त आहे. अनेक जण उन्हाळ्यातच सोडून देतात आणि सूज परत येते. पूर्ण बंद करण्यापेक्षा हलका दाब चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

खरा धोका कुठे आहे?

थंडी वाजून ताप, पाय लाल, जांघेत गाठ. असा झटका येऊन गेला की दर वेळी सूज थोडी वाढूनच राहते. जिवाणू बहुतेकदा बोटांमधल्या चिखल्यांतून शिरतात. म्हणून रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या फटी कोरड्या करणं आणि चिखल्यांवर मलम लावणं हे पट्टीइतकंच महत्त्वाचं.

दाबाचा फायदा किती, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मिळतं. सुजलेल्या पायाला वारंवार संसर्ग होणाऱ्या 84 जणांपैकी दाब न वापरणाऱ्या गटात 40 टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, दाब वापरणाऱ्या गटात 15 टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली.

कोणी बांधू नये?

बरीच वर्षं मधुमेह, तंबाखू, किंवा थोडं चाललं की पोटरी दुखते? मग आधी पायाच्या धमन्या तपासा. हाताचा आणि घोट्याचा बीपी मोजून दोन्हींचं गुणोत्तर काढतात. ते 0.5 पेक्षा कमी असेल तर पट्टी बांधायची नाही, रक्त आधीच कमी पोचतंय. हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि ताप-लालीचा झटका चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो हत्तीरोग समजून घरी थांबू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बेसा-पिपळ्यात घरं भराभर उभी राहतायत. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, म्हणजे तुंबलेली गटारं आणि सेप्टिक टँक. टँकच्या गॅस पाइपच्या तोंडाला जाळी बांधायला फार खर्च येत नाही. तुमच्या इमारतीत ती आहे का, बघून घ्या.