सर्वांचा पियानो

मोठ्या शहरात माणसांची दाटी असते. परंतु दाटी असली म्हणजे ओळख असतेच असे नाही. रोज एकाच गाडीने जाणारी, एकाच रांगेत उभी राहणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी चकार शब्दही बोलत नाहीत. हे मौन मोडण्याचा एक निराळाच उपाय इंग्लंडमधील एका कलावंताला सुचला.

ल्यूक जेरम हे त्यांचे नाव. ते ब्रिस्टल शहराचे रहिवासी. घराजवळच्या एका धुलाईच्या दुकानात ते नेहमी जात. अशा दुकानात यंत्रे मांडलेली असतात. ज्याने त्याने पैसे टाकून आपापले कपडे धुऊन घ्यावयाचे. सुट्टीच्या दिवशी तीच ती माणसे तेथे येत, कपडे होईपर्यंत बसून राहत आणि मुकाट्याने निघून जात. अशा मुक्या जागा शहरात कितीतरी असतील, असे जेरम यांच्या मनात आले. तेथे एखादा पियानो ठेवला तर?

२००८ साली बर्मिंगहॅम शहरात हा प्रयोग झाला. निरनिराळ्या सार्वजनिक जागी १५ पियानो तीन आठवडे ठेवण्यात आले. ‘मला वाजवा, मी तुमचाच आहे,’ असे आमंत्रण त्यांवर लिहिले होते. शुल्क नाही, परवानगी नको. ज्याला वाटेल त्याने बसावे व वाजवावे.

या कामी पियानोच का? बासरीतून सूर काढण्यासाठीच मुळी पुष्कळ सराव लागतो. पियानोची पट्टी दाबली, की आतील लहानशी हातोडी तारेवर आदळते आणि सूर उमटतो. म्हणून निष्णात वादकाप्रमाणेच चिमुकल्या मुलाच्या बोटालाही तो तत्काळ साद देतो. शिवाय दोघांना शेजारी बसून तो वाजवता येतो. वाद्य इतके जड, की ते सहजासहजी कोणी उचलून नेऊ शकत नाही.

तरीही उघड्यावर पियानो ठेवणे हे धाडसच होय. ओल लागली की लाकूड फुगते व सूर बिघडतात. पाऊस आल्यास आवरण घालावयास कोणीतरी धावले पाहिजे. आणि तारा तोडण्यास तर एक द्वाड हातही पुरे! एवढे असूनही ही कल्पना लोकांना आवडली. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये असे ६० पियानो ठेवण्यात आले. पुढे जगातील अनेक शहरांनी हा उपक्रम केला. उपक्रम संपल्यावर कित्येक पियानो शाळांना व संस्थांना देण्यात आले. २०१६ साली विख्यात गायक एल्टन जॉन यांनी लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाला एक पियानो भेट दिला आणि तेथेच तो वाजवूनही दाखवला.

स्थानकावर गाडीची वाट पाहणारा प्रवासी पियानोवर बसतो. दुसरा जाता जाता थबकतो. सूर संपतात आणि तो विचारतो, “आपण कोठे शिकलात?” दोन अनोळखी माणसांत संभाषण सुरू होते. जेरम यांना हवे होते ते हेच. मात्र सर्वांची वस्तू टिकावयाची, तर तिच्यावर हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने तिची काळजीही वाहिली पाहिजे.